रंगारणीच्या नादी लागून

४ फेब्रुवारी, मंगळवार

जकातदार मेला! पहिल्याच पानावर, निळीच्या हौदात, डोकं खाली नि पाय वर. आणि त्याला बाहेर काढून कोतवालाने बोलावलं कुणाला, तर हौदाच्या मालकिणीला. रंगारीण. विधवा, तोंडाने फटकळ, हात कोपरापर्यंत निळे. तीनशे वर्षांपूर्वीचं किल्ल्याखालचं गाव, आणि ही बाई कोतवालाला सुनावते, "माणूस कुणाचाही असो, हौद माझा आहे. आधी माझ्या हौदाचं काय ते बोला." दुकानात काउंटरमागे बसून मी एकटीच हसले. चष्म्याची दांडी सरळ करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं? म्हटलं, खून.

वाचनालयातल्या बाईंनी कोरी करकरीत प्रत दिली. अजून डिंकाचा वास येतो. म्हणाल्या, "तुम्हा दोघांच्या आधी कुणाला द्यायची नाही असं ठरवलं होतं." मी नुसती फुलून गेले.

आमच्या घरचा नियम ठरलेला. रहस्यकथा असली की अहो पुढे, मी मागे. कामावरून आले की संध्याकाळी ते वाचणार, जिथे थांबतील तिथे चष्मा पुसायचं फडकं खूण म्हणून घालणार. दुसऱ्या दिवशी दुकानात मी फडक्यापर्यंतच वाचायचं. पुढची एक ओळही नाही. कारण उघड आहे — माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी पुढे असले तर खुनी कोण ते ताटावर बसल्या बसल्या सांगून मोकळी होईन. अहोंच्या पोटात मात्र अख्खी विहीर मावते. त्यांना ठाऊक असतं, मी छळते, ते भाकरी मोडत हसतात. संसारातला निम्मा आनंद मला यातच मिळालाय.

५ फेब्रुवारी, बुधवार

निळीच्या हौदातून काढलेलं कापड आधी निळं नसतंच! हिरवट-पिवळं असतं. वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जातं. इतकी वर्षं जगून मला हे ठाऊक नव्हतं. रंगारीण मात्र प्रेताच्या पागोट्याकडे बघते आणि गप्प बसते. काहीतरी तिला खटकलंय. ती सांगत नाही, लेखिका सांगत नाही. नुसतं लिहिलंय, "डाग कुठे पडलाय ते सगळेच बघतात. कुठला पुसलाय ते बघावं."

वाक्य दिवसभर तोंडात घोळवलं. मालकांनी काचा पुसायला सांगितल्या तेव्हाही तेच म्हणत होते.

बारक्या जेवायला आला होता. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. आता टक्कल पडायला आलंय, पण आईमागे मीच वाढवला, त्यामुळे बारक्या तो बारक्याच. अहो टॉवर क्रेन चालवतात आणि हा त्याच क्रेनचा इशारेवाला. अहो वर आभाळात टांगलेल्या डब्यात, हा खाली. हाताने दाखवायचं, वॉकीटॉकीवर सांगायचं — उचला, वळवा, थांबा, सोडा. मेव्हणे-मेव्हणे एका हुकाला बांधलेले, असं मी चिडवते. तो एवढ्या मोठ्याने बोलतो की आमच्याकडे आज भाजी कसली ते भिंतीपलीकडे कळतं. साईटवर राहून आवाजच तसा झालाय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक गंमत झाली. गंमत म्हणावी का, ते कळत नाही.

रंगारीण जकातदाराच्या कोठीत शिरते, मागून कुणीतरी दाराला कडी घालतं — आणि पान उलटावं तर उलटेना. वरच्या बाजूने चार पानं एकमेकांना जोडलेली. छापखान्यात कापायची राहून गेलेली. दुकानातल्या कात्रीने जपून कापली. आणि आत काय होतं! तुरटीच्या पोत्यांमागे जकातदाराची दुसरी बायको. तोंड बांधलेली, जिवंत. सगळी गोष्ट तिथेच फिरते. भान हरपून वाचलं. फडक्यापाशी आले आणि एकदम थांबले.

फडकं त्या पानांच्या बरंच पुढे होतं. म्हणजे काल अहो तिथवर वाचून उठले होते. मग ही पानं बंद कशी?

संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुसरी बायको सापडली तेव्हा काय वाटलं हो?"

"भारीच."

"कुठे सापडली ते आठवतंय ना?"

"अगं, मागे आहेस तर मागेच राहा की. मला कशाला बोलायला लावतेस." आणि पुस्तक उघडून बसले. मी भाजी निवडता निवडता बघत होते. पानं नेमाने उलटली जात होती. नजर मात्र हलत नव्हती.

अहो वाचत नाहीयेत.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवस तर्क चालवतेय. कंटाळा आला असेल, तर सांगितलं असतं. दुसरं काही लफडं? छे. माणूस घरातून साईटवर, साईटवरून घरी. लफड्याला वेळ कुठून आणणार?

मग आठवलं, मी बसते कुठे! चष्म्याच्या दुकानात. माझ्यासमोर रोज माणसं खोटं बोलतात. छपाई हल्ली वाईट असते, दिवा मंद होता, वाचायला वेळच मिळत नाही. डोळे गेले असं कुणी म्हणत नाही. गुडघे दुखतात हे कौतुकाने सांगतील, पण दिसत नाही हे सांगायला जीभ रेटत नाही. आणि ज्यांची नोकरीच डोळ्यांवर चालते ते तर नाहीच नाही.

आज दोन परीक्षा घेतल्या. साखरेच्या जागी मिठाची बरणी ठेवली. अहोंनी चहात दोन चमचे मीठ घातलं. आणि प्यायले! डोळ्यांबरोबर जीभही गेली की काय. मग खिडकीशी उभी राहून विचारलं, समोरच्या गच्चीवर कोण उभं आहे? त्यांनी मान न वळवता सांगितलं, "असेल कुणीतरी." गच्चीवर चिटपाखरू नव्हतं.

बारक्या आला तेव्हा अहोंनी आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग बोलायला तोंड उघडलं. हल्ली नेहमी असंच करतात. आधी चाचपायचं, माणूस कुठे आहे त्याचा अंदाज घ्यायचा, मग बोलायचं. मी कसं बघितलं नाही इतके दिवस?

एकट्या अहोंची गोष्ट असती तर रडून मोकळी झाले असते. पण त्यांच्या हाताखाली टनावारी लोखंड लोंबकळत असतं. आणि त्या लोखंडाखाली कोण उभा असतो? माझा भाऊ.

१० फेब्रुवारी, सोमवार

डब्याची पिशवी धुवायला काढली. तळाशी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. निम्मी संपलेली.

"डाग कुठला पुसलाय ते बघावं."

१२ फेब्रुवारी, बुधवार

रंगारीण काय झकास बाई आहे! वैद्यबुवांना घोळात घेऊन तिने त्यांच्याकडून दरबारातली सगळी भानगड वदवून घेतली. त्यांना वाटतंय आपण तिला शहाणपण शिकवतोय. वैद्य, कोतवाल, दुसरी बायको, जकातदाराचा दिवाणजी — चौघांत एक. माझा संशय दिवाणजीवर. गोड बोलणारा माणूस मला पुस्तकात आवडत नाही, बाहेरही नाही.

तिच्यासारखंच मीही घोळात घ्यायला गेले. म्हटलं, अहो, मालकांनी नवीन तपासायचं मशीन आणलंय. एक दिवस अर्धी रजा टाका, तुमचे डोळे बघू.

"रोज तुझ्याच डोळ्यांसमोर असतो. आणखी काय बघायचंय?"

"हसण्यावारी नका नेऊ. अर्धा दिवस."

"रजा नाही." तुटकपणे म्हणाले. मागच्या आठवड्यात अंगात कणकण होती तरी गेले होते. आधी हाच माणूस शिंक आली तरी पांघरूण ओढून झोपायचा. आता एक दिवस क्रेन दुसऱ्याच्या हातात द्यायला तयार नाही. का? दुसरा माणूस वर चढला तर फरक कळेल. दुसरं काय कारण असणार!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बारक्याचा डबा भरताना आमटी सांडली. कुणाला काही बोलले नाही. मी! बोलले नाही!

१५ फेब्रुवारी, शनिवार

अहो डबा विसरून गेले. (हेही लिहून ठेवते.) दुकानात तासाभराची सुट्टी मागून साईटवर नेऊन दिला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पिवळी टोपी दिली आणि एका कोपऱ्यात उभं केलं. म्हणाला, इथून पुढे पाऊल टाकायचं नाही वहिनी.

मी वर पाहिलं. अहोंचा क्रेनवरचा डबा काडेपेटीएवढा. खाली बारक्या, हातात वॉकीटॉकी, तोंडाजवळ धरून एकसारखा बोलतोय. "थोडं डावीकडे... अजून... अजून... बस. आता सोडा, हळू... हळू..." एक क्षण तोंड बंद नाही. दुसरा इशारेवाला पलीकडच्या क्रेनखाली होता, तो एखादा शब्द बोलायचा नि हात हलवायचा. हा मात्र आंधळ्याला रस्ता पार करून द्यावा तसा बोलत होता.

मग सळयांचा भारा मध्येच थांबला आणि दोनदा खाली-वर झाला. उगाचच. वारा नव्हता, काही नव्हतं. बारक्या वर बघून दोन पावलं मागे सरला. मग भारा पुढे गेला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. दोनदा खाली, दोनदा वर. पहारेकऱ्याला विचारलं, असं का करतात? तो म्हणाला, "हल्ली करतात खरं. अंदाज घेत असतील."

अंदाज! माझ्या भावाच्या डोक्यावर अंदाज घेतायत. डबा पहारेकऱ्याच्या हातात देऊन परत आले. वाटेत एका दुकानाच्या पायरीवर बसले थोडा वेळ.

१६ फेब्रुवारी, रविवार

अहो आंघोळीला गेले तसं बारक्याला समोर बसवलं. त्याचा हात धरून विचारलं, "खरं सांग. क्रेनवर काही लपवताय का तुम्ही दोघं?"

त्याचा चेहरा पडला. लहानपणी खोडी उघडी पडली की पडायचा, तसाच.

"भाऊजी काही बोलले?"

"ते कशाला बोलतील? मला दिसत नाही का?"

"ताई, भाऊजींच्या जिवावर चाललंय माझं. तू मध्ये पडू नकोस. आमचं आम्ही सांभाळतो."

"आणि एक दिवस चुकलं तर?"

"नाही चुकणार. आमची खूण ठरलीये."

तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली. मी दाराकडे मान वळवून "जा, ताटं घे" म्हणाले. तो तसाच माझ्या तोंडाकडे बघत बसून राहिला. विचारात बुडाला असेल.

म्हणजे माझा अंदाज बरोबर. दोघं मिळून लपवतायत. बारक्याला हे काम अहोंनीच लावून दिलं, त्या उपकारापोटी हा त्यांचे डोळे झालाय. असले उपकार फेडायची रीत कुणी शिकवली याला! राग येतो. दोघांचाही. आणि अहोंची दयाही येते, तो राग आणखी वाढवते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज रंगारणीने भर दरबारात कोतवालाकडे बोट दाखवलं! त्याने सांगितलेलं, प्रेत मी नुकतंच बाहेर ओढलं. रंगारीण म्हणते, "नुकतं ओढलं असतं तर पागोटं हिरवं असतं. मी आले तेव्हा ते निळं झालं होतं. कोतवालसाहेब, तुम्ही माझ्या कितीतरी आधी तिथे होता." मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मीच पागोटं विसरून गेले होते आणि दिवाणजीला धरून बसले होते!

किल्लेदार तिला विचारतो, कोतवाल तुझ्या नात्यातला, त्याने तुला अडीअडचणीला मदत केली, तरी बोललीस? ती म्हणते, "डाग मला दिसला. दिसल्यावर झाकला तर तो माझ्या हातावर येतो."

पुस्तक मिटलं आणि ठरवलं. तीही बाईमाणूसच होती. तिच्याकडे काय होतं, दोन निळे हात.

फक्त एक कळत नाही. खुनी सापडला, मग पुस्तकाची अजून एवढी पानं शिल्लक कशी?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं.

साईटवरच्या इंजिनियर मॅडम आमच्याच दुकानातून चष्मा करतात. नाकावरच्या गाद्या बदलायला आल्या होत्या. मालक जेवायला गेलेले. बदलत बदलत सांगितलं. पानं, थेंब, रजा, हूक दोनदा हलतो ते. त्या चष्म्याविना माझ्याकडे बघत होत्या, त्यांना माझा चेहरा धूसरच दिसत असणार. तेवढंच बरं वाटलं.

"तुम्ही त्यांच्या पत्नी ना?"

"हो. आणि खाली उभा असतो तो माझा भाऊ."

"तुमचं नाव कुठे येणार नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

अहोंना क्रेनवरून उतरवलं. डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला येईपर्यंत वर चढायचं नाही. शुक्रवारची वेळ दिलीय.

मला वाटलं चिडतील. माझ्यावर नाही तर जगावर. चिडले नाहीत. नुसतं विचारलं मॅडमना, "माझ्या जागी कोण?" एक नवा माणूस आलाय पलीकडच्या साईटवरून. घरी येऊन बसले नाहीत, पाणी प्यायले नि परत गेले. संध्याकाळी कळलं, दिवसभर फाटकाबाहेर उभे होते. उन्हात, वर बघत. पहारेकरी म्हणाला, वहिनी, त्यांना घरी ठेवा, बघवत नाही.

माझ्यामुळे माझा नवरा स्वतःच्या कामाच्या फाटकाबाहेर भिकाऱ्यासारखा उभा राहिला. ताटात पडलेलं खाऊन उठले. फडकं आहे तिथेच आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दोन गोष्टी. दोन्ही वाईट.

नव्या माणसाने पत्र्यांचा गठ्ठा वळवला तेव्हा बारक्या खालीच. त्याने भोंगा दिला, वॉकीटॉकीवर ओरडला, पण बारक्या पाठमोरा जागचा हलला नाही. अहो फाटकातून आत घुसले, पहारेकऱ्याला ढकलून. धावत जाऊन त्याला ओढला. दोघं मातीत पडले. गठ्ठा डोक्यावरून गेला. मुकादम अहोंवरच खेकसला, की टोपी न घालता आत आलात कसे. संध्याकाळी दोघांचे कोपर मी धुतले. सोललेले. अहो म्हणाले, "नवा माणूस आहे, जोडी जमायला वेळ लागतो." मी नव्या माणसाला मनातल्या मनात लाखोली वाहिली. आणि त्याला तिथे बसवला कुणी, हेही आठवलं.

दुसरी गोष्ट. दुकानात राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा फडक्याच्या पुढे गेले. रंगारीण चुकली! कोतवालाने खून केलाच नव्हता. प्रेत त्याने पहाटेच काढलं होतं हे खरं, पण आदल्या संध्याकाळी तो पिऊन तिथेच हौदाशी पडला होता, आणि ते कळू नये म्हणून वेळ खोटी सांगितली. तोवर गावाने त्याचं घर जाळलं. पागोटं निळं होतं, तिचं म्हणणं खरं होतं, आणि तरी ती चुकली. ती हौदाच्या कडेला बसून हात धूत राहते, रंग जात नाही.

तिचं बरं आहे. तिच्या पाठीशी लेखिका आहे, पुढच्या प्रकरणात सगळं निस्तरून देईल. माझ्या पाठीशी कोण आहे?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अहोंचे डोळे शाबूत! शाबूत म्हणजे, डॉक्टर म्हणाले, या वयात असे डोळे बघायला मिळत नाहीत. जवळचं दिसतं, लांबचं दिसतं, सगळं दिसतं. उन्हाने थोडी जळजळ, तिच्यासाठी ते थेंब. सोमवारपासून क्रेनवर.

मॅडमनी दुकानात फोन करून सांगितलं. मी काउंटर धरून उभी राहिले. आनंदाने रडले, शरमेनेही रडले. मालकांनी पाणी दिलं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. दिवसभर डोळ्यांच्या दुकानात बसणाऱ्या बाईला दुसरं काय दिसणार! मग माणूस वाचत का नव्हता, चहात मीठ का प्यायला, ते मला अजून कळत नाही. पण मरो. डोळे आहेत. बारक्या सुरक्षित आहे.

मॅडम पुढे म्हणाल्या, "तुमच्यामुळे एक बरं झालं. कालचा प्रकार बघून वरून हुकूम आलाय, क्रेनच्या कामावरच्या सगळ्यांचीच तपासणी. चालवणाऱ्यांचे डोळे झाले, उद्या सकाळी इशारेवाल्यांचे कान."

संध्याकाळी जेवायला बसताना अहोंना उत्साहाने सांगितलं. बारक्या अजून आला नव्हता. अहोंनी हातातला घास ताटात ठेवला.

"कान? उद्याच?"

"हो. का?"

उठून हात धुतले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बारक्याला ऐकू येत नाही. काल रात्री अहोंनी सगळं सांगितलं. मागच्या मोठ्या तापानंतर उजवा कान गेला, आता डावाही जवळजवळ गेलाय. ओठ बघून ओळखतो. त्याचं बोलणं अहोंना वर ऐकू जातं, अहोंचं त्याला खाली जात नाही, म्हणून हूक दोनदा हलवायचा आणि त्याने वर बघायचं, ही खूण. म्हणून रजा नाही, म्हणून खांद्यावर हात. दिवसभर त्याच्यावरून नजर काढायची नाही, डोक्यातही सतत तेच, मग संध्याकाळी पुस्तकातली अक्षरं डोळ्यांवरून नुसती वाहून जायची, चहातलं मीठही कळायचं नाही. फडकं तेवढं रोज पुढे सरकवायचे, मी अडकून पडू नये म्हणून. कानात मशीन दिसलं तर मुकादम त्याला काढून टाकेल, आणि दुसरं काम त्याला येत नाही.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. अहो म्हणाले, "तुझ्या पोटात राहिलं असतं का?" रागाने नाही म्हणाले. मॅडमना कुणी सांगितलं तेही त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी भांडले, लोखंडाखाली उभं करून ठेवलंत त्याला, म्हणाले. ते म्हणाले, हो, चुकलंच असेल. पुढे काय करायचं ते आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

आत्ता सकाळी, तपासणीला जाण्याआधी, बारक्या डबा न्यायला येऊन गेला. पायरीवर बसून, खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत होता. म्हणाला, "ताई, ही तपासणी कुणामुळे लागली असेल गं?"

मी मागे उभी होते. म्हटलं, "माझ्यामुळे, रे."

त्याने नाड्या बांधल्या, दुसऱ्यांदा घट्ट केल्या, डबा घेतला आणि "येतो ताई" म्हणून गेला.